तालात दाबलेलं बटण

कानांची तपासणी करण्यात माझी उभी हयात गेली, आणि त्या हयातीत माझ्या हातून एक चूक अशी झाली की तिच्यापायी एका तरुण मुलाचं फार नुकसान झालं. संपादकांनी 'गमतीजमतीच्या आठवणी लिहा' म्हणून कळवलं होतं. आहेत की गमतीच्याही. पण कागद पुढे घेतला की हीच आधी येऊन बसते, तेव्हा हीच लिहिते. नको असेल तर त्यांनी परत पाठवावी, मी मुळीच रागावणार नाही.

मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईत आले ती तंजावरकडच्या मराठी घरात. यांचं मराठी आपल्यापेक्षा वेगळं, शब्द जुने आणि बोलण्याची चाल तमिळ. पहिलं वर्षभर मला सासूबाईंचं निम्मं बोलणं कळत नव्हतं आणि त्यांना माझं. पण दर शनिवारी घरी भजन असे, त्यात मी पेटी वाजवायला बसले आणि घरची झाले. त्या भजनाचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून सांगितलं.

नोकरी वेस्ट मांबलममध्ये. स्टेशनापासून दोन मिनिटांवर, कॉफी दळणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या डॉक्टरांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. डॉक्टर रोग बघायचे, मी ऐकू किती येतं ते मोजायची. दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, "केक्कुदा?" म्हणजे, ऐकू येतंय का? तमिळमधला हा एक शब्द मी इतक्या वेळा उच्चारलाय की घरी यांनाही जेवायला वाढताना "केक्कुदा?" म्हणून हाक मारत असे.

तपासणी कशी करतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काचेची छोटी खिडकी असलेली एक बंद खोली असते. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. मी बाहेर यंत्रापाशी. मी यंत्रावरची कळ दाबली की त्याच्या कानात 'पीं' वाजणार, त्याला ऐकू आलं की तो बटण दाबणार, आणि माझ्यासमोर एक लाल दिवा पेटणार. मग आवाज आणखी बारीक करायचा. दिवा पेटेनासा झाला की ती त्याची हद्द. जाड आवाजापासून उंच, तीक्ष्ण आवाजापर्यंत प्रत्येक पट्टीची हद्द कागदावर ठिपक्यांनी मांडायची. ठिपके वरच्या बाजूला राहिले तर कान ठीक. खाली घसरले तर त्या पट्टीतलं ऐकणं गेलं.

आता यात एक नियम आहे, आणि तो आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेला. दोन आवाजांमधलं अंतर कधीही सारखं ठेवायचं नाही. कधी लगेच द्यायचा, कधी लांबवायचा, कधी अंमळ गप्पच बसायचं. नाही तर माणूस कानाने न ऐकता अंदाजानेच बटण दाबतो. मुद्दाम नव्हे हो, हात आपोआप जातो.

हा नियम मला तोंडपाठ होता. पण आमच्या खोलीच्या जमिनीतून लोकलची घरघर आत यायची. तांबरमकडची गाडी आली की हात वर करायचा, गाडी जाऊ द्यायची, मग पुढे. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. त्या घाईत माझ्या बोटाला एक चाल लागली. पीं, दिवा, पीं, दिवा. पायानेही ठेका धरत असे मी, भजनात धरते तसा. हे एकदा मला न्यायला आले होते, खुर्चीत बसून बघत राहिले आणि घरी जाताना हसत म्हणाले, "काय गे, यंत्रावर देखील भजनातला आदि ताळच धरतेस?" मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकच वाटलं स्वतःचं.

शेवटच्या दहाएक वर्षांत दवाखान्यात दुचाकीवाले फार येऊ लागले. बहुतेक सगळे तरुण, कानात इयरफोन घालून वर हेल्मेट चढवणारे. लोकांना वाटतं कान इंजिनाच्या आवाजाने जातात. इंजिन बिचारं खाली असतं. कान खातो तो वारा. गाडीने वेग घेतला की हेल्मेटच्या कडेने वारा असा घोंघावतो की आत गाणं ऐकूच येत नाही. मग हा शहाणा आवाज वाढवतो. वाऱ्याच्या वर गाणं, म्हणजे कानावर दुहेरी मार. आतल्या कानात केसांसारखे बारीक तंतू असतात, ते या माराने पडतात, आणि पडलेले परत उभे राहत नाहीत. त्यावर औषध नाही आणि ऑपरेशनही नाही. उपाय आधीच करायचा, आणि तो अगदी साधा आहे. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. वाऱ्याचं घोंघावणं खाली बसतं, मागच्या बसचा हॉर्न मात्र ऐकू येतो. गाणं लागतंच असेल तर हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर हळू आवाजात लावावं, बोळ्यातूनही स्वच्छ ऐकू येतं. असे बोळे मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवत असे आणि वाटत असे.

एकदा एक वडील आपल्या कॉलेजातल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आले. नुंगंबाक्कमच्या कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. मुलाला बाहेर बसवून मला हळूच म्हणाले, "मॅडम, याचे कान बिघडलेत असं लिहून द्या. म्हणजे गाडीवरची गाणी बंद करील." मी तपासलं, कान उत्तम. तसंच लिहून दिलं. तर ते माझ्यावरच भडकले. "साहेब, मी कागदावर जे आहे तेच लिहिते," मी ठसक्यात म्हटलं होतं. हे वाक्य पुढे मला फार बोचलं.

ओंकार आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. मिरजेचा मुलगा, पंचवीस-सव्वीसचा, तांबरमच्या पुढे मोटरसायकलींच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याचं काम ऐकून मी थक्क झाले. नवी गाडी तयार झाली की ती ट्रॅकवर फिरवायची आणि कानाने तिची चूक पकडायची. चेन कुठे घासते, बेअरिंग कुठे किरकिरतं, झडप कुठे टिकटिकते. यंत्रं असतातच, पण शेवटचा शब्द या मुलांच्या कानाचा. तो म्हणाला, "काकू, माझं पोट कानावर आहे."

माझं नाव बाहेरच्या पाटीवर वाचून त्याने थेट मराठीतच सुरुवात केली होती. त्या दवाखान्यात मराठी कानावर पडणं म्हणजे सणच. मी चहा मागवला. बोलण्याबोलण्यात कळलं की तो लहानपणापासून तबला शिकलेला. इथे खोलीवर रियाझाला जागा नाही, म्हणून कारखान्यात जाता-येता कानात तबलावादन लावतो आणि मनातल्या मनात वाजवतो. 

"पण काकू, गाडीवर डग्गा कसाही ऐकू येतो, तबल्याच्या कडेला, चाटीवर वाजणारा 'ना' मात्र वाऱ्यात विरतो. तो स्पष्ट येईपर्यंत आवाज वाढवावा लागतो."

"आणि त्रास काय होतो?"

"संध्याकाळी खोलीवर गेलो की कानात शिट्टी वाजत राहते. बारीक. थांबतच नाही."

मी त्याला आत बसवलं. तपासणी झरझर झाली. मी कळ दाबली की दिवा पेटलाच, एकदाही चुकला नाही. सगळे ठिपके वर, एका रांगेत. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अरे, असे कान मी फार थोडे पाहिलेत. जा, काही झालेलं नाही. आवाज जरा बेताने ठेव." तो खूश होऊन गेला. जाताना मी त्याला ड्रॉवरमधला बोळासुद्धा दिला नाही. ज्याचे कान इतके उत्तम त्याला कशाला, असं वाटलं.

शिट्टी वाजते म्हणून तो सांगत होता. मी कागदावर विश्वास ठेवला, त्याच्यावर ठेवला नाही.

दीड वर्षाने तो परत आला. चेहरा उतरलेला. त्याने 'ठीक' म्हणून पाठवलेल्या दोन-तीन गाड्या पुढच्या तपासणीत किरकिरत्या निघाल्या होत्या. साहेबांनी कान तपासून कागद आणायला सांगितलं होतं. "आणि काकू, तबल्यावर कोणी फडकं टाकल्यासारखं वाटतं हल्ली. 'ना'ला किनारच नाही."

"बस आत. बघू या," मी म्हटलं. मनात होतं, सर्दी असेल, मळ असेल. मी कळ दाबू लागले. दिवा पेटत होता, पहिल्यासारखाच. मला हायसं वाटलं. चार हजार हर्ट्झच्या तीक्ष्ण पट्टीवर आले, तेवढ्यात गाडीची घरघर पायाखाली आली. मी बोट उचललं.

आणि दिवा पेटला.

मी आवाज दिलाच नव्हता. गाडी गेली. मी कळेवर बोट नुसतं ठेवलं, दाबलं नाही. नेमक्या माझ्या ठेक्याच्या जागी दिवा पुन्हा पेटला. खिडकीतून पाहिलं तर पोराने डोळे मिटले होते आणि मान किंचित हलत होती, तालावर बसलेल्या माणसाची हलते तशी.

मी पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ठेका मोडून. कधी दोन लागोपाठ, कधी श्वास कोंडेपर्यंत थांबून. कागदावर ठिपके पडत गेले. जाड पट्ट्या ठीक होत्या. तीक्ष्ण पट्ट्यांवर आले आणि ठिपका धाडकन खाली गेला, दोन्ही कानांत. तिथे त्याला मी फार मोठा आवाज दिल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं.

तो लबाडी करत नव्हता. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "मला ऐकू येतंय असंच वाटत होतं, काकू." कानात शिट्टी सतत वाजणारी, हातात लहानपणापासून ताल मुरलेला, आणि बाहेर, त्याला ऐकू येणाऱ्या जाड पट्ट्यांपासून एकच ठेका धरून बसलेली मी. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे इतकं बेमालूम जमलंच नसतं.

म्हणजे पहिला कागदही खोटा होता. हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

ओंकार बाहेर आला. त्याने कागद पाहिला. "दीड वर्षात एवढं?" त्याने विचारलं. आणि मी, देवाशपथ सांगते, "हो रे, होतं असं. आवाज बेताने ठेव म्हटलं होतं ना?" असं म्हणून मोकळी झाले. दोष त्याच्या पदरात टाकला.

तो गयावया करू लागला. "काकू, जुन्यासारखाच कागद लिहून द्या. एवढी एकच वेळ. मी गाणं बंद करतो, काय म्हणाल ते करतो. हा कागद नेला तर मला ट्रॅकवरून काढतील."

"मी कागदावर जे आहे तेच लिहिते," मी म्हणाले. तेच वाक्य, तोच ठसका. जीभ कशी झडली नाही माझी, देव जाणे.

त्याला ट्रॅकवरून काढलं. सुट्या भागांच्या गोदामात टाकलं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "विडुंग मा." म्हणजे, सोडून द्या. "कोणाला कळणार आहे? आणि कळून त्याचे कान परत येणार आहेत का?" ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. पण शनिवारी भजनाला बसले तर बोटं पेटीवर चालेनात. यांनी विचारलं, मी रडले. हे इतकंच म्हणाले, "जाऊन सांग त्याला."

महिना लावला मी त्यात. मग दोन्ही कागद घेऊन त्याच्या खोलीवर गेले. आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहत होता, आणखी दोघांबरोबर. कोपऱ्यात तबला कापडात बांधून ठेवलेला. मी दोन्ही कागद चटईवर मांडले आणि घडलं तसं सगळं सांगितलं. माझा ठेका, गाडीची घरघर, न वाजलेल्या आवाजाला पेटलेला दिवा. तुझा दोष सांगितला तेव्हा खोटं बोलले, हेही सांगितलं.

त्याने शांतपणे विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"जे गेलं होतं ते गेलंच होतं. पुढचं वाचलं असतं. बोळे घातले असतेस, गाणं हळू लावलं असतंस. निम्मं तरी राहिलं असतं."

"दीड वर्ष, काकू," तो म्हणाला. "रोज जाऊन-येऊन. तुम्ही म्हणालात कान उत्तम आहेत, म्हणून मी आवाज आणखी वाढवला होता." मग त्याने मला पाणी दिलं, मी ते प्यायले, आणि तो दारापर्यंत सोडायलासुद्धा उठला नाही. बरोबरच होतं त्याचं.

त्यानंतर जितकी वर्षं नोकरी राहिली, मी प्रत्येक तपासणीत मनातल्या मनात उलटसुलट आकडे मोजत असे, बोटाला चाल लागू नये म्हणून. नव्या मुलींना शिकवताना ही गोष्ट सांगत असे. दुचाकीवाल्या प्रत्येकाला, कागद कसाही असो, बोळा हातात देत असे आणि माझ्यासमोर घालायला लावत असे. पण ओंकारच्या गल्लीतून जायचं मी टाळायची.

निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी, एका रविवारी सकाळी सहाला दारावरची घंटी वाजली. ओंकार. हातात दोन हेल्मेटं.

"काकू, गाडीवर बसता का? अर्ध्या तासाचं काम आहे."

साठी उलटलेली बाई मी, साडीवर कशी बसू म्हणत होते, तर हे आतून म्हणाले, "जा गे." बाहेर त्याने खिशातून फोमचे बोळे काढले. मी म्हटलं, "आधी तसंच ने. मलाही कळू दे." इतकी वर्षं मी लोकांना वाऱ्याबद्दल सांगत होते आणि हेल्मेट घालून वेगात गाडीवर कधी बसलेच नव्हते.

तांबरम ओलांडून रस्ता मोकळा झाला आणि त्याने वेग घेतला. काय सांगू. डोक्याभोवती कोणी पत्रे फाडतंय असा तो आवाज. दहा मिनिटांत माझं डोकं भणभणलं. हा पोरगा यात रोज तबला शोधत होता. त्याने बाजूला गाडी घेतली, मी बोळे घातले, आणि परत निघालो. वारा दूर गेला. इंजिनाचा आवाज मात्र सुटा, स्वच्छ येऊ लागला. मला एकदम रडू आलं. हेल्मेटची काच खाली होती, ते बरं झालं.

एका तळ्याच्या काठी त्याने गाडी थांबवून मधल्या स्टँडवर लावली. बोळे काढायला सांगितले. मग म्हणाला, "आता मी नव्या पोरांना शिकवतो. ट्रॅकवर बोळ्याशिवाय कोणाला सोडत नाही. गोदामात असताना साहेबांच्या मागे लागून लागून ते करून घेतलं. पण शिकवायचं कसं? मला स्वतःला बारीक किरकिर ऐकू येत नाही. म्हणून हाताने शिकतोय. इथे बोट ठेवलं की कळतं, असं मला वाटतं." त्याने मागच्या चाकाच्या मध्याजवळ दोन बोटं टेकवली. "आता हाताला काहीतरी लागतंय. खरं लागतंय की मला नुसतं वाटतंय, ते कोणीतरी खरं सांगायला पाहिजे. मित्र बरं वाटावं म्हणून हो म्हणतात."

"आणि मी?"

"तुम्ही सांगितलं होतंत, काकू. नसतं सांगितलं तरी चाललं असतं. तरी आलात." एवढंच तो म्हणाला. माफ केलं वगैरे काही नाही, आणि मी विचारलंही नाही.

"पाठ करा इकडे. डोळे मिटा. मी चाक कधी फिरवीन, कधी फिरवणार नाही. किरकिर ऐकू आली तरच बोट वर करायचं."

मी पाठ करून उभी राहिले. तळ्यावर बगळे होते, डोळे मिटल्यावर त्यांच्या पंखांचा आवाज तेवढा येत होता. मग अगदी बारीक, तीक्ष्ण, 'चिर्र'. मी बोट वर केलं. लगेच पुन्हा. बोट वर. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम दोनदा. बेअरिंग किरकिरत होतंच, त्याचा हात खरा होता.

पोरगा ठेका मोडून देत होता. नियमाने, मी त्याला द्यायला हवा होता तसा.

मग तो थांबला. थांबूनच राहिला. कान टवकारून मी उभी, आणि माझ्या नकळत पाय जमिनीवर हलला, ठेक्याची जागा आली, बोट उठायला निघालं. मी दुसऱ्या हाताने ते बोट घट्ट धरून ठेवलं.

आवाज आला नव्हता.